अडीच सेंटिमीटरचा तुकडा

हा घटनाक्रम एका विशिष्ट रुग्णाचा नाही. अँजिओप्लास्टी करताना हृदयात वायर तुटते, तेव्हा गोष्टी साधारण ज्या क्रमानं बिघडत जातात तो क्रम इथे एका कल्पित दिवसात बसवला आहे. ठिकाण जिल्ह्याचं गाव. हॉस्पिटल मध्यम, कॅथलॅब चांगली, पण बायपासची सोय दोन तासांवरच्या मोठ्या शहरात. माणसं आणि घड्याळातल्या वेळा माझ्या. वायर, तिची बनावट, तिच्यावर येणारा ताण आणि ती काढायच्या युक्त्या मात्र जशाच्या तशा. असा प्रसंग हजार अँजिओप्लास्टींत एखाद-दुसऱ्या वेळी येतो असं वैद्यकीय नोंदी सांगतात. म्हणजे बऱ्याच डॉक्टरांच्या वाट्याला तो उभ्या कारकिर्दीत मोजक्या वेळाच येतो, आणि हाताला त्याची सवय कधीच होत नाही.

सकाळी ७.३०

रुग्ण मावशींचं वय ६२. साखर जुनी. तीन दिवसांपूर्वी रात्रीच्या जेवणानंतर छाती भरून आली, पित्त असेल म्हणून ओवा चावला, पहाटे घाम फुटला तेव्हा मुलानं गाडी काढली. रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण, वाढलेलं निघालं. काल अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी म्हणजे एलएडी. तिला डायगोनल नावाची फांदी फुटते, आणि मावशींचा नव्वद टक्क्यांचा अडथळा नेमका त्या फाट्यावर आहे. भिंतीत भरपूर कॅल्शियम साचलेलं, एक्स-रेवर रंगद्रव्य न टाकताही दिसावं इतकं.

संमतिपत्रावर मुलगा सही करतो. छापील यादीत मृत्यू आहे, पक्षाघात आहे, रक्तस्राव आहे, किडनीला इजा आहे. पार तळाला एक ओळ आहे: उपकरणाचा भाग तुटून शरीरात राहणे. ती कोणी वाचून दाखवत नाही. मुलगा विचारतो, “साहेब, स्टेंट कुठल्या कंपनीचा टाकणार?”

स्टेंटबद्दल आता सगळेच विचारतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या किंमत प्राधिकरणानं साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषध लावलेल्याला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. ती बातमी घरोघरी पोचली, आणि स्टेंट हा शब्द मराठी झाला. ज्या तारेवरून तो स्टेंट आत जातो, तिच्याबद्दल विचारणारा नातेवाईक विरळा.

९.५०

उजव्या मनगटातून नळी आत गेली. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलं. दोन मिलिमीटर जाडीचा गायडिंग कॅथेटर महाधमनीतून फिरून डाव्या मुख्य वाहिनीच्या, म्हणजे लेफ्ट मेनच्या, तोंडाशी टेकला. यापुढचं सगळं त्याच्या पोटातून जाणार.

टेक्निशियननं वायरचं पाकीट फोडलं. नवी कोरी. हे मुद्दाम सांगतो, कारण वायर तुटली म्हटलं की पहिला संशय ‘धुऊन पुन्हा वापरली असेल’ असा येतो. आपल्याकडे ती सवय होती आणि पुरती गेलेली नाही, त्यामुळे संशयही रास्तच. पण नवी वायरसुद्धा तुटते.

ही वायर ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे ०.३६ मिलिमीटर जाड आणि १८० ते १९० सेंटिमीटर लांब असते. आत पोलादाचा किंवा निटिनॉलचा गाभा, टोकाकडे निमुळता होत गेलेला. शेवटच्या तीनेक सेंटिमीटरवर प्लॅटिनमसारख्या धातूची बारीक तार गुंडाळलेली, म्हणजे कॉइल. तिच्यामुळे टोक मऊ राहतं आणि पडद्यावर काळं दिसतं. उरलेली वायर पडद्यावर जेमतेम दिसते. आत काय चाललंय याचा अंदाज डॉक्टर त्या तीन सेंटिमीटरांवरून आणि आपल्या दोन बोटांतल्या संवेदनेवरून बांधत असतो.

आंद्रेआस ग्रुन्टझिगनं १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये ३८ वर्षांच्या रुग्णावर पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. त्याच्या बलूनच्या पुढे छोटीशी तार होती, पण ती बलूनलाच जोडलेली. हवी तशी वळवता येणारी सुटी वायर आणि तिच्यावरून सरकणारा बलून ही जोडी जॉन सिम्प्सन यांनी १९८२ मध्ये मांडली, आणि त्यानंतरच वाकड्यातिकड्या, दूरच्या अडथळ्यांपर्यंत पोचणं सोपं झालं. वायर सुटी झाली म्हणून हे शास्त्र वाढलं. ती एकटी आत अडकून राहण्याचा धोकाही तेव्हापासूनचाच.

१०.१५

एलएडीत एक वायर उतरली. दुसरी डायगोनलमध्ये न्यायची आहे. स्टेंट एलएडीत बसवला की फांदीचं तोंड दबून बंद होऊ शकतं. आत वायर असली तर वाट राहते. ही रोजची रीत आहे, यात गैर काही नाही.

डायगोनलचं तोंड काटकोनात. वायर शिरते, पुढे जाते आणि एका केसाएवढ्या उपफांदीत घुसून दुमडते. डॉक्टर वायर पिळायच्या मुठीनं, म्हणजे टॉर्करनं, वायर फिरवतात. टोक फिरत नाही. आणखी फिरवतात, त्याच दिशेला. बाहेर तीन-चार वेढे झाले, आत टोक जागच्या जागी. हे वेढे कुठे गेले? गाभ्यात साठले. धातूला ते लक्षात राहतात.

कन्सोलच्या काचेपलीकडून टेक्निशियनला दुमडलेलं टोक स्पष्ट दिसतं. बारा वर्षांचा अनुभव आहे त्याच्याकडे. माइकचं बटण दाबून “सर, टीप वळलीय” एवढंच म्हणायचं. तो म्हणत नाही. सरांना दिसत असणारच, असं त्याला वाटतं. आपल्या कॅथलॅबमध्ये ‘सरांना दिसत असणारच’ या समजुतीखाली किती गोष्टी न बोलता राहतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

१०.३८

एलएडीतला अडथळा बलूननं आधी मोकळा केला, मग स्टेंट बसवला. डायगोनलची वायर आता स्टेंटची जाळी आणि चुनखडी भिंत यांच्या कात्रीत आहे. कॅथलॅबच्या भाषेत ‘जेल’ झाली. फांदीतला प्रवाह शाबूत, म्हणजे तिचं काम झालं. हिला आता हळूच काढून घ्यायची आणि मगच स्टेंट भिंतीला नीट बसवण्यासाठी कडक बलून फुगवायचा, असा क्रम आहे.

पण कडक बलून आधीच तयार करून टेबलावर ठेवलाय. फाट्याची अजून थोडी काळजी वाटते, वायर राहिलेली बरी. दोन मिनिटांचं काम. बलून १८ अ‍ॅटमॉस्फिअरला फुगतो. स्टेंट पडद्यावर सुरेख उमलतो, आणि वायर पोलाद व कॅल्शियमच्या मध्ये १८ अ‍ॅटमॉस्फिअरनं चेपली जाते.

मला विचाराल तर वायर तुटली ती इथे. पुढची चोवीस मिनिटं फक्त ते दिसायला लागली.

१०.५४

डायगोनलची वायर ओढायला घेतली. येत नाही. जरा जोर लावला. वायर येण्याऐवजी गायडिंग कॅथेटर पुढे सरकून लेफ्ट मेनमध्ये खोल शिरला. यात आश्चर्य नाही. वायर आत घट्ट धरलेली असली की ओढण्याचा जोर उलटा फिरतो आणि बाहेरची नळी आत खेचली जाते. नळीच्या कडेनं लेफ्ट मेनचं अस्तर सोललं जाऊ शकतं, आणि लेफ्ट मेन म्हणजे डाव्या हृदयाचा जवळपास सगळा रक्तपुरवठा.

मॉनिटरवर दाबाचा आलेख बसला. सिस्टर म्हणाल्या, “प्रेशर डॅम्प होतंय सर.” डॉक्टरांनी कॅथेटर मागे घेतला. आलेख परत उभा राहिला.

इथे हात टेबलावर ठेवून थांबायला हवं होतं. उपाय कपाटात आहे: सर्वांत लहान बलून किंवा मायक्रोकॅथेटर. तो अडकलेल्या वायरवरूनच सरकवत स्टेंटपर्यंत न्यायचा आणि मग दोन्ही मिळून ओढायचं. असं केलं की जोर नेमका अडकलेल्या जागी लागतो. वायरच्या नाजूक भागाला आधार मिळतो, लेफ्ट मेनवर ताण येत नाही. गायडिंग कॅथेटर मात्र तोंडापासून दूर धरायचा. वेळ लागेल दहा मिनिटं.

बाहेर पुढचा रुग्ण ट्रॉलीवर येऊन पडलाय.

११.०२

पुन्हा ओढ. कॅथेटर पुन्हा आत शिरला. मग एकदम हात हलका झाला.

“आली,” डॉक्टर म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल झाले.

टेक्निशियन आत आला, बाहेर आलेली वायर हिरव्या कापडावर सरळ केली आणि शेजारी नवी वायर ठेवली. काढलेल्या वायरला टोक नव्हतं. गाभा निमुळता होत होत एका बिंदूपाशी संपला होता, आणि तिथून पुढे डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी, पिळलेली, चमकणारी तार लोंबत होती. “सर, टीप नाहीये.” सकाळपासून तो पहिल्यांदा आपणहून बोलला.

पडद्यावर डायगोनलमध्ये अडीच सेंटिमीटरची काळी रेघ स्थिर होती. हृदय हलत होतं तशी हलत होती, एवढंच.

खरी पंचाईत त्या रेघेची नव्हती. गाभा तुटला, पण त्याभोवतीची कॉइल लगेच तुटली नाही. स्वेटरचा धागा खिळ्याला अडकून माणूस चालत राहावा तशी ती उसवत गेली. तीन सेंटिमीटरची कॉइल पूर्ण ताणली तर हातभर लांबीची तार होऊ शकते. ती डायगोनलमधून निघून स्टेंटखालून एलएडीत, तिथून लेफ्ट मेनमध्ये आणि शेवटी महाधमनीत लोंबत राहिली. इतकी बारीक की साध्या एक्स-रे पडद्यावर दिसावी न दिसावी. अशा तारेवर रक्त गोठतं. ही तार तर गर्दीच्या रस्त्यात आडवी पडलेली.

११.१०

आता डॉक्टर थांबले. त्यांच्या बाजूनं दोन गोष्टी नोंदवायला हव्यात.

पहिली: रक्त गोठायला किती वेळ लागतो ते लगेच तपासलं, आणि हेपरिनचा आणखी डोस देऊन तो वेळ २५० सेकंदांच्या वर नेला. दुसरी: एलएडीतली पहिली वायर काढली नाही. सहायकानं विचारलं, “ही काढू का?” उत्तर आलं, “हात लावू नकोस.” या तीन शब्दांचं मोल अर्ध्या तासात कळणार होतं.

सीनियरांना फोन गेला. ते मोठ्या शहरात, दुसऱ्या केसमध्ये. स्पीकरवर बोलले. तारेचं बाहेरचं टोक गायडिंग कॅथेटरच्या आत असेल तर काम सोपं आहे: शेजारून बलून नेऊन आतच फुगवायचा, तार भिंतीशी दाबून धरायची आणि सगळं एकत्र बाहेर काढायचं. पाहिलं. टोक कॅथेटरच्या बाहेर, महाधमनीत होतं.

मग स्नेअर. बारीक तारेचा फास, तुकड्याच्या टोकावर टाकून आवळायचा. कपाट उघडलं. स्नेअर नव्हता. वर्षात एकदा लागेल न लागेल अशी महाग वस्तू, तारीख उलटून गेली की फेकायची. छोटी हॉस्पिटलं ती ठेवत नाहीत. डीलरला फोन केला. “निघतो लगेच,” तो म्हणाला. लगेच म्हणजे दोन तास.

११.३२

हाताशी होतं त्यावर भागवायचं ठरलं. याला दोन वायरींची युक्ती म्हणतात आणि ती जगभर वापरली जाते. दोन मऊ वायर तुकड्याशेजारून पुढे न्यायच्या, दोन्हींची बाहेरची टोकं एकाच टॉर्करमध्ये आवळायची आणि एकाच दिशेनं फिरवत राहायचं. आत त्यांचे एकमेकींभोवती वेढे पडतात आणि त्यात तुकडा गुंतला तर गुंतला. मग तिन्ही मिळून मागे.

पहिल्यांदा सुटलं. दुसऱ्यांदा तार थोडी मागे आली, पण टोक स्टेंटखालून हललं नाही. मध्येच मावशींनी विचारलं, “डॉक्टर, अजून किती?” अँजिओप्लास्टीत रुग्ण जागा असतो. डोक्यापाशी उभ्या असलेल्या सिस्टरांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. “झालंच मावशी, थोडं राहिलंय.”

तिसऱ्या प्रयत्नाआधी नीट दिसावं म्हणून डॉक्टरांनी रंगद्रव्य सोडलं. पिचकारीचा जोर नेहमीचाच.

११.४६

लेफ्ट मेनच्या तोंडाशी रंगद्रव्य रेंगाळलं. प्रवाह निघून गेला तरी एक काळसर कड मागे राहिली आणि पुढच्या ठोक्याला एलएडीच्या दिशेनं लांबली. अस्तर सोललं होतं. १०.५४ आणि ११.०२ ला कॅथेटर आत घुसला तेव्हा पडलेली चीर आता रंगद्रव्याच्या दाबानं उघडली.

मावशी म्हणाल्या, “छातीवर कोणी बसलंय.” ईसीजीच्या रेघा वर चढल्या. रक्तदाब ७०.

११.४८

दाबाचा आलेख सपाट. ईसीजीवर नुसती थरथर. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन: हृदय थरथरतंय, रक्त फेकत नाही.

“व्हीएफ! शॉक!” सिस्टर छातीवर चढल्या. २०० ज्यूल. काही नाही. पुन्हा छाती दाबणं, पुन्हा २००. तिसऱ्या शॉकनंतर ठोके परतले, दाब ६०. दाब वाढवायला नॉरअ‍ॅड्रिनॅलिन चालू झालं.

आता नव्यानं वायर टाकायला गेलं असतं, तर ती खऱ्या पोकळीत जाते की सोललेल्या अस्तराच्या मागे, हे ठरवण्यात मावशी गेल्या असत्या. पण एलएडीतली पहिली वायर तिथेच होती, खऱ्या वाटेनं गेलेली. तिच्यावरून स्टेंट सरकवला आणि लेफ्ट मेनच्या तोंडापासून एलएडीपर्यंत बसवला. अस्तर भिंतीला चिकटलं. प्रवाह आला. दाब ९०, मग ११०.

उसवलेली तारही त्या स्टेंटखाली भिंतीशी दाबली गेली. आता ती ओढून काढायचा प्रश्न उरला नव्हता.

दुपारी १.४०

डीलरचा माणूस मोटरसायकलवरून स्नेअर घेऊन आला. मांडीच्या धमनीतून फास महाधमनीत नेला, लोंबणारं शेपूट पकडलं आणि अगदी सावकाश ओढलं. वीतभर तार आली आणि नव्या स्टेंटच्या कडेशी तुटली. अपेक्षा तीच होती. आतून पाहणाऱ्या अल्ट्रासाउंडनं खात्री केली: महाधमनीत काही नाही, मोठ्या वाहिनीच्या पोकळीत काही नाही. उरलेली तार दोन स्टेंटांच्या पाठीमागे, आणि अडीच सेंटिमीटरचं टोक डायगोनलमध्ये.

ते काढायचं तर ऑपरेशन करावं लागेल, छाती उघडून. सीनियर फोनवर म्हणाले, “राहू दे.” लहान फांदीत, भिंतीशी दबलेला, हलत नसलेला तुकडा तसाच ठेवणं हा मान्य पर्याय आहे. असे तुकडे घेऊन जगणारी माणसं आहेत. सगळंच बाहेर काढायचा हट्ट इथे रुग्णाला महागात पडला असता, आणि माझ्या मते थांबण्याचा हा निर्णय दिवसभरातला सर्वांत शहाणा होता.

संध्याकाळी ६.१५

मावशी आयसीयूत, शुद्धीवर, पाणी मागताहेत. संगणकावर केस पेपरचा ठरलेला मजकूर तयार आहे: ‘अँजिओप्लास्टी यशस्वी.’ त्याखाली सही केली की दिवस संपतो. मुलाला एवढंच माहीत आहे की मध्ये हृदय थांबलं होतं, शॉक द्यावा लागला.

डॉक्टरांनी मजकूर खोडला. वायर तुटल्याचं, तुकडा कुठे राहिला त्याचं, लेफ्ट मेनला इजा झाल्याचं लिहिलं. मुलाला आणि त्याच्या मामाला आत बोलावून पडद्यावर काळी रेघ दाखवली. मामा तडकले. आवाज चढले. मुलगा बराच वेळ रेघेकडे बघत राहिला आणि मग त्यानं विचारलं, “पुढे काय काळजी घ्यायची?”

तुटलेली वायर टेक्निशियननं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली नव्हती. पाकिटावरच्या लॉट नंबरासकट वेगळी ठेवली होती. सदोष किंवा तुटलेल्या वैद्यकीय उपकरणांची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. गाझियाबादचा इंडियन फार्माकोपिया कमिशन तो चालवतो. रकाने भरून पाठवायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासाअभावी कितीतरी तुकडे कागदावर कधीच येत नाहीत.

तुमच्या घरात कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड आज काढून वाचा. प्रक्रियेची सीडी मागून घ्या. ती मागण्यात संकोच नको. आत काही राहिलं असेल तर ते कार्डावर स्पष्ट लिहून घ्या आणि एमआरआयची वेळ आली तर आधी तिथल्या माणसाला दाखवा. स्टेंटनंतर दिलेल्या, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एकही, दात काढायचाय म्हणूनसुद्धा, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.